हातात राहिलेला दगड

खूप मागे, गावांना अजून नावे पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका मोठ्या तळ्याच्या काठी एक पाथरवट राहत होता. बातमी आली त्या दिवशी तो रोजच्यासारखा अंगणात बसून एका पाट्याला टाकी लावत होता.

दिवसात वेगळे असे काही नव्हते. पाटा शेजारणीचा होता आणि तिला तो दुपारच्या आत परत हवा होता. पाथरवटाची बायको शेंगा सोलत होती. तळ्यावर वारा नव्हता. पलीकडच्या काठावरून नावाडी आला, त्याने होडी खुंटाला बांधली, पण नेहमीसारखी लांबून हाक दिली नाही. तो अंगणाच्या कडेपर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला.

"तुमचा धाकटा भाऊ गेला," नावाडी म्हणाला. "पहाटे. दोन दिवस ताप होता. तुमच्यासाठी थांबलेत."

पाथरवटाने छिन्नी पाट्यावर टेकवली आणि घाव घातला. मग दुसरा. हातातली ओळ पुरी करून तो उठला. हात धुतले, आत गेला, कोनाड्यातून एक काळा चपटा दगड काढला आणि उपरण्याच्या टोकाला बांधला. बायकोने सुपातल्या शेंगा तशाच ठेवल्या आणि त्याच्या मागोमाग होडीत जाऊन बसली.

तो दगड कोनाड्यात कशासाठी होता, हे समजायला सात वर्षे मागे जावे लागेल.

त्या गावात भांडण मिटवायची एक रीत होती. ज्या दोघांचे बिनसले असेल त्यांनी अमावास्येच्या सकाळी तळ्यावर यायचे. येताना एकेक दगड आणायचा. शेजारी शेजारी उभे राहून दोघांनी एकदमच आपापला दगड पाण्यात टाकायचा. दोन्ही दगड बुडाले, की काठावर बसलेली गावातली सर्वांत म्हातारी बाई म्हणायची, "बुडालं." त्यानंतर त्या भांडणाचा शब्द कोणी काढायचा नाही. ज्यांचे भांडण त्यांनी नाही आणि गावानेही नाही.

रीत एवढीच होती. पण हातात दगड आणि समोर सपाट पाणी असले, की माणसाच्याने तो नुसता टाकवत नाही. कधीतरी कोणीतरी एक चपटा दगड आडवा फेकला. तो पाण्यावरून टप्पे घेत गेला. मुले याला पाण्यावर भाकऱ्या थापणे म्हणत. पाहणाऱ्यांना मजा वाटली. मग लोक टप्पे मोजू लागले. मग ज्याचे टप्पे कमी, चूक त्याचीच असणार, असे कोणी हळूच म्हणाले, आणि पुढे ते मोठ्यानेही म्हटले जाऊ लागले.

म्हातारी चिडायची. "मेल्यांनो, दगड बुडाला की नाही ते बघा. उड्या काय मोजताय?"

लोक हसायचे आणि मोजायचे.

पाथरवटाला एक धाकटा भाऊ होता. दोघांचा धंदा एक, अंगण एक, हत्यारांची पेटी एक. एकदा देवळाच्या कोठीसाठी मोठे जाते करायचे काम त्यांच्याकडे आले. दोन महिने ते त्यावर राबले. न्यायच्या दिवशी बैलगाडी दारात आली, लोक जमले, हार आणले गेले. वरच्या तळीत, म्हणजे फिरणाऱ्या दगडात, खुंट्याचे भोक तेवढे थोडे मोठे करायचे राहिले होते. धाकट्याने तळी धरली, थोरल्याने घाव घातला, आणि तळी मधोमध दुभंगली.

"तुझा हात हलला," थोरला म्हणाला.

"दादा, तुझी छिन्नी घसरली," धाकटा म्हणाला.

खरे काय झाले ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दोघांनाही नव्हते. पण ते चारचौघांत बोलून गेले होते, आणि ऐकणाऱ्यांत देवळाचा पुजारीही होता. महिन्याभरात धाकट्याने आपल्या वाटणीची हत्यारे वेगळी केली आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर घर बांधले.

पहिल्याच अमावास्येला तो होडीने आला. उजव्या हाताची मूठ मिटलेली होती. तो दादाच्या अंगणात आला आणि म्हणाला, "चल दादा, बुडवून टाकू."

थोरल्याने त्याच्या मुठीकडे पाहिले. काय असेल त्यात, ते त्याला पाहायची गरज वाटली नाही. लहानपणापासून धाकट्याचा हात असा होता, की त्याने उचललेला कुठलाही खापरीचा तुकडा दहा-बारा टप्पे सहज घ्यायचा. थोरल्याचा दगड पहिल्याच टप्प्याला डुबुक करून तळाला जायचा. "पाथरवटाचा पोरगा, आणि दगड याचं ऐकत नाही," असे सोबतची मुले म्हणायची. चाळीस वर्षे झाली होती, पण ते वाक्य त्याला अजून शब्दांसकट पाठ होते.

"माझा दगड मिळायचाय," तो म्हणाला. "पुढच्या अमावास्येला बघू."

"कुठलाही घे की. अंगण दगडांनीच भरलंय."

"कुठलाही कसा घेऊ?"

धाकटा वहिनीने दिलेले ताक प्याला आणि तशीच मूठ मिटलेली ठेवून परत गेला.

तेव्हापासून थोरला तळ्यावर जाऊ लागला. सकाळचे काम उरकले, की तो खडकाआडच्या एका कोपऱ्यात दगड फेकत राहायचा. तिथल्या उथळ पाण्यात एक कासव राहत होते. ते फार वयाचे होते आणि त्याला बोलण्याची हौस नव्हती. पण रोज डोक्यावर दगड पडू लागले, तेव्हा त्याला बोलावे लागले.

"तू मला मारतोयस, की आणखी काही करतोयस?" कासवाने विचारले.

"दगडाने टप्पे घ्यावेत, असं बघतोय."

"मग मला लागणार नाही अशा बेतानं बघ."

थोरला हट्टी होता, पण कारागीरही होता. हातात उपजत नव्हते ते त्याने पाहून पाहून शिकून घेतले. गोल दगड बुडतो आणि चपटा उडतो, हे तर पोरांनाही माहीत होते. त्याच्या लक्षात आले, की चपटा असूनही दगड भिरभिरत गेला नाही तर पहिल्याच टप्प्याला कलंडतो, त्याची कड पाण्यात घुसते आणि तो संपतो. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, तसेच हे होते. म्हणून त्याने दगड तर्जनीच्या कुशीत धरून सोडताना बोटाने फिरवायची सवय केली. त्यात त्याचे एक वर्ष गेले.

मग त्याने तिरकेपणाचा शोध घेतला. दगडाची पुढची कड फार उचलली, तर तो पाण्यावर आपटून उंच उडतो आणि तिथेच जोर घालवून बसतो. अजिबात उचलली नाही, तर तो पाण्याला घासत जातो किंवा नाक खुपसतो. थोरल्याने आपला गुण्या काढला, फळीवर काटकोन आखला आणि त्याचे नऊ सारखे भाग पाडले. त्यातल्या दोन भागांइतका दगड तिरका असला, तर तो सर्वांत जास्त टप्पे घेतो, असे त्याला शेकडो दगडांनंतर आढळले. यात आणखी दोन वर्षे गेली.

"पाणी त्याला वर का ढकलतं?" एकदा त्याने कासवाला विचारले.

"हळू आलास, तर पाणी बाजूला होऊन तुला वाट देतं," कासव म्हणाले. "घाईनं येऊन आपटलास, तर त्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. मग ते तुला ढकलून देतं. उघड्या तळव्यानं पाण्यावर चापट मारून बघ."

थोरल्याने मारली. तळवा चुरचुरला.

"म्हणजे दगड तरंगत नाही."

"छे. त्याला बुडायला सवड मिळत नाही, एवढंच."

"आणि शेवटी?"

"शेवटी मिळते. दर टप्प्याला पाणी त्याच्याकडून थोडा वेग काढून घेतं. आधीचे टप्पे लांब लांब, मग जवळ जवळ, मग नुसतं टिकटिकटिक. मग तो माझ्याकडे येतो. आजवर पलीकडच्या काठाला एकही गेलेला नाही."

"खाली तुला ओळखू येतं का, कुठला किती टप्पे घेऊन आला ते?"

कासवाने मान आत ओढली आणि पुन्हा बाहेर काढली. "खाली सगळे सारखेच आडवे पडलेले असतात," ते म्हणाले. "पण तू ते विचारायला आलेला नाहीस. तू फेक."

थोरला फेकत राहिला.

इकडे धाकटा दर अमावास्येला येत होता. पावसाळ्यात होडी बंद असे, तेव्हा तो तळ्याला वळसा घालून चालत यायचा. त्याला अर्धा दिवस लागायचा. काठावर म्हातारीशेजारी बसायचा. मूठ मिटलेली असायची. थोरला वरून, घराच्या ओट्यावरून, ती मूठ पाहायचा. प्रत्येक वेळी त्याला वाटायचे, याने या खेपेला आणखी चांगला दगड शोधून आणला आहे. आणि तो आणखी एक महिना मागून घ्यायचा.

एकदा धाकटा म्हणाला, "दादा, मी काही पैज लावायला आलेलो नाही."

"मग मूठ उघड."

"ती पाण्यापाशी उघडेन. आधी खाली तर चल."

थोरल्याला वाटले, हा मला खिजवतो आहे. तो गेला नाही.

"त्या दगडाशीच लग्न लावायचं होतं तुम्ही," त्याची बायको म्हणाली. "मी भाकऱ्या थापून थापून म्हातारी झाले, तुमच्या अजून होईनात."

"चौदा झाल्या काल."

"मग झालं की. जा आणि टाका."

"त्याच्या सोळा होतील."

"होऊ देत. त्यानं तुम्हाला काय होणार आहे?"

तो उपरणे खांद्यावर टाकून खडकाआडच्या कोपऱ्याकडे निघाला.

पाचव्या वर्षी त्याला ओढ्याच्या वळणावर तो काळा दगड सापडला. तळहाताएवढा, बोटाएवढ्या जाडीचा, कडा गुळगुळीत, वजन हवे तेवढेच. त्याने तो दगड फेकून पाहिला नाही, कारण फेकला तर तो गेलाच. पण त्याच मापाचे दुसरे दगड त्याने घडवले आणि फेकले. ते अठरा टप्पे गेले. एक वीसही गेला. गावात त्याच्याइतका हात आता कोणाचाच नव्हता. तेव्हाही तो खाली गेला नाही. त्याने दगड कोनाड्यात ठेवला आणि म्हणाला, "वारा पडू दे. पाण्यावर लहर असली की टप्पा चुकतो."

दोन वर्षांत चोवीस अमावास्या झाल्या. त्यांतल्या काही सकाळी वारा अजिबात नव्हता, पण त्याने तेव्हाही, दुपारून सुटेल, असे म्हटले.

शेवटच्या वर्षात धाकटा काठी टेकत यायचा. काठी डाव्या हातात असायची. उजव्या हाताची मूठ तशीच. शेवटच्या अमावास्येला तो आला तेव्हा म्हातारीने त्याला विचारले, "किती वेळा येशील रे?"

"तो येईस्तोवर," धाकटा म्हणाला. "दादाला दगडाची घाई करून चालत नाही, आजी. लहानपणापासून तसाच आहे."

मग आला तो दिवस, जो या गोष्टीच्या सुरुवातीला सांगितला.

थोरला पलीकडे पोचला. जे करायचे ते त्याने केले. खांदा दिला, अग्नी दिला, कारण धाकट्याला मूल नव्हते. दहावा झाला, तेरावा झाला. परत निघायच्या दिवशी धाकट्याची बायको एक फडके घेऊन बाहेर आली. फडक्याला गाठ होती.

"भावोजी, हे तुमच्याकडे असू द्या," ती म्हणाली. "दर अमावास्येला हेच नेत होते."

"हेच? दरवेळी हाच दगड?"

"सात वर्षं एकच. परत आले की फडक्यात बांधून ठेवायचे."

थोरल्याने गाठ सोडली. आत एक दगड होता. चपटा नव्हता. लिंबापेक्षा थोडा मोठा, एका बाजूला फुगलेला, दुसऱ्या बाजूला ओबडधोबड. रस्त्यात पडलेला असता तर कोणी लाथेनेही उडवला नसता. सात वर्षे मुठीत राहून तो एका अंगाने तेवढा तुकतुकीत झाला होता.

थोरल्याने तो हातात फिरवून पाहिला. आता त्याला दगडांचे सगळे कळत होते. असा दगड जगातल्या कोणीही, कितीही वेगाने, कुठल्याही कोनातून फेकला, तरी त्याचा एकही टप्पा होणार नव्हता. तो पाण्यात पडताक्षणी तळाला जाणार होता.

"हा उडत नाही," तो म्हणाला.

"त्यांनी तसाच शोधून काढला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, लोक हसतील. तर म्हणाले, हसू देत. दादाच्या दगडाचा एक टप्पा जरी झाला तरी तो माझ्यापेक्षा पुढं जाईल. मग तो मोकळ्या मनानं वर बघेल."

"मला दाखवला का नाही?"

"दाखवला असता, तर तुम्ही टाकला असता का? तुम्हाला दया केल्यासारखं वाटलं असतं."

थोरल्याने फडके पुन्हा बांधले. बायको होडीपाशी वाट पाहत होती.

पुढच्या अमावास्येला तो सात वर्षांत पहिल्यांदा ओटा उतरून काठावर म्हातारीपाशी गेला. म्हातारी बसलेली होती. त्याने दोन्ही दगड तिच्यापुढे ठेवले, एक काळा चपटा आणि एक ओबडधोबड. वारा अजिबात नव्हता. तळे पाट्यासारखे सपाट होते.

"आजी, मी दोन्ही टाकले तर चालेल?"

म्हातारीने दोन्ही दगडांवरून हात फिरवला. तिला आता नीट दिसत नव्हते. "दोन हात लागतात, बाळा," ती म्हणाली. "दोन माणसांचे. मी काही रीत केलेली नाही, मी नुसती सांगणारी. पण तू दोन्ही टाकलेस, तरी मला 'बुडालं' म्हणता येणार नाही."

"नुसता माझा टाकला तर?"

"तर एक दगड बुडेल."

काठाजवळच्या पाण्यातून कासवाने डोके वर काढले होते. थोरल्याने त्याच्याकडे पाहिले. "तुला माहीत होतं?" त्याने विचारले.

"मला एवढंच माहीत होतं, की खाली दोन दगड यायचे आहेत," कासव म्हणाले. "सात वर्षं जागा धरून ठेवली होती. वर काय चाललंय ते मला तळातून दिसत नाही."

त्या दिवशी आणखी दोघे जण भांडण बुडवायला आले होते. एक सुतार आणि त्याचा व्याही. दोघांनी निवडून निवडून चपटे दगड आणले होते, आणि सुताराचा पुतण्या टप्पे मोजायला पुढे बसला होता. थोरला त्यांच्याकडे गेला. त्याने धाकट्याचा दगड त्यांच्यापुढे धरला आणि तो कशासाठी निवडला होता, ते सांगितले. आपल्या सात वर्षांबद्दल एका वाक्यात सांगितले आणि वाक्य तिथेच संपवले.

सुतार आणि व्याही एकमेकांकडे पाहू लागले. मग सुताराने हातातला चपटा दगड खाली ठेवला आणि पायाशी पडलेला एक ओबडधोबड गोटा उचलला. व्याह्याने म्हटले, "अहो, त्याहून ओबडधोबड माझ्याकडे आहे," आणि तोही वाकला. दोन गोटे एकदमच पाण्यात पडले. टप्पा एकही झाला नाही. दोन वर्तुळे उठली, एकमेकांत शिरली आणि काठाला येऊन विरली.

"बुडालं," म्हातारी म्हणाली.

त्या दिवसापासून त्या गावात अमावास्येला चपटा दगड कोणी आणत नाही. मोजायलाही कोणी बसत नाही. इतर दिवशी मात्र पोरे खडकाआडच्या कोपऱ्यात जमू लागली, आणि थोरला त्यांना दगड कसा धरायचा, बोटाने कसा फिरवायचा, काटकोनाच्या नऊ भागांतले दोन म्हणजे केवढे, हे सगळे नीट शिकवू लागला. तो चांगला शिकवायचा. एका पोराचा दगड एकदा चोवीस टप्पे गेला.

ज्याच्याशी समेट करायचा, त्याच्यापुढे जाताना आपला दगड किती लांब जातो हे पाहू नये, तो वेळेवर बुडतो की नाही एवढेच पाहावे.

ते दोन दगड पाथरवटाच्या कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. टाकायचे राहून गेले.